गेर्दा ओरडली नाही

ह्वाल्सविक, ९ जानेवारी

प्रिय स्टेना,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. बर्फातलं डॅनिश चर्च, छापील शुभेच्छा आणि खाली तुझी सही, तीसुद्धा वडिलांच्या नावासकट. अगं, ते माझेही वडील होते! मला काय चार-पाच स्टेना बहिणी आहेत का, की नेमकी कोणती ते कळू नये? आमचा दातांचा डॉक्टर कार्ड पाठवतो, ते याहून मायेचं असतं.

जी बाई स्टॉकहोमच्या इस्पितळात पालथी पडून मला रक्ताचा कॅन्सर झाला म्हणून स्वतःच्या हाडांतली मज्जा काढू देते, ती वर्षभर मला साधा फोन करत नाही. याला काय म्हणायचं ते तूच सांग. मी रागावलेय. पण रागापेक्षा मोठी बातमी आहे म्हणून लिहितेय.

कातडीची डॉक्टर म्हणाली, मला गावच्या पोहायच्या तलावात उतरता येईल. लगेच नाही. हातापायांवरच्या जखमा हिवाळाभर बंद राहिल्या तर मार्चपासून. तेही फक्त तलावाकाठच्या कोमट कुंडात आणि पोहायच्या पाण्यात, उकळत्या कुंडात नाही. मी तिला खुर्चीतून उठून मिठी मारणार होते, पण माझे हात तेवढे उघडत नाहीत. मग तिनेच मारली.

तीन वर्षं, स्टेना. आपल्या गावात तीन वर्षं तलावाबाहेर राहणं काय असतं, हे तू डेन्मार्कला जाऊन विसरली असशील. सकाळी सगळं गाव त्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसलेलं असतं आणि जो तिथे नाही त्याच्याबद्दल बोलत असतं. त्या कुंडात मी आतापर्यंत दोनदा मेलेय. एकदा तर नवऱ्याला सोडून मी कॅनरी बेटांवर गेले होते म्हणे. कोल्बेन स्वतः त्याच कुंडात बसलेला, तरी कुणी त्याला विचारलं नाही. आणि तोही हसत बसला, गाढव.

आता गाढवाचा विषय निघालाच आहे तर सांगूनच टाकते. तू का गेलीस ते मला माहीत आहे. मागच्याच्या मागच्या नाताळात आपण सणाच्या पातळ पोळ्यांवर सुरीने नक्षी कापायला बसलो होतो. माझ्या बोटांना सुरी धरवेना, बाही वर सरकली आणि तुला माझा हात दिसला. तू विचारलंस, हे काय? मी डॉक्टरांचंच बोलणं सांगितलं, की तुझ्या मज्जेतून आलेल्या नव्या पेशींना हे घर ओळखीचं नाही, त्या माझ्या कातडीला शत्रू समजून झोंबतात. आणि कोल्बेन म्हणाला, "लहानपणापासून वाल्दीसशी भांडायची, आता आत शिरून भांडतेय!"

सगळे हसले. मीही हसले, विनोद चांगलाच होता. तू मात्र सुरी खाली ठेवलीस, आणि सकाळी बघते तर तुझी खोली रिकामी. पलंगावरची चादरसुद्धा नीट घडी केलेली.

मला त्या तलावात पोहायचंय, स्टेना. जिथे आपण दोघी शिकलो तिथेच. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तू शेजारी हवीस. बाकी मला काही नको.

कार्डाला एवढं लांब उत्तर देणारी,
वाल्दीस (वडिलांचं नाव तुला माहीत आहे)


ह्वाल्सविक, ४ फेब्रुवारी

प्रिय स्टेना,

उत्तर नाही. नसू दे. मासळीच्या कारखान्यात इतकी वर्षं मुकादमकी केली, उत्तर न देणाऱ्यांना कामाला लावायची मला सवय आहे.

रोज सकाळी माझी कवायत चालते. पहिली, दोन्ही तळवे छातीसमोर जोडायचे, चर्चमध्ये जोडतो तसे, आणि कोपरं वर उचलायची. हिवाळ्याच्या सुरुवातीला माझे तळवे एकमेकांना भेटतच नव्हते, मधून मांजर गेलं असतं. आता बोटांची टोकं टेकतात. दुसरी, भिंतीला तोंड करून बोटांनी भिंत चढायची. परवा मी दिव्याच्या बटणापर्यंत चढले. काल त्याच्या वर! कोल्बेनने तिथे पेन्सिलीने खूण केली, पोरांची उंची वाढली की करतात तशी.

तो मला मलम लावतो. पाठीला माझे हात पोचत नाहीत ना. पातेलंभर मलम जातं आठवड्याला. त्याच्या विनोदाबद्दल त्याला इतकं वाईट वाटलंय की मलम लावताना तो एक शब्द बोलत नाही, आणि कोल्बेन बोलत नाही म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "अरे, काहीतरी बरळ की." तर म्हणतो, "मी बरळलो म्हणून तुझी बहीण गेली." मी म्हटलं, "ती तुझ्यामुळे गेली नाही. तिला वाटतं, मला तिने हे केलं."

खरं ना?

मग आता कान उघडे ठेवून ऐक. मी डॉक्टरला स्पष्ट विचारलं होतं, की माझ्या बहिणीच्या पेशी जरा गरीब स्वभावाच्या असत्या तर बरं झालं असतं का? ती म्हणाली, "वाल्दीस, तुझ्या रक्तात आजाराचं जे काही लपूनछपून उरलं असेल, त्याला शोधून कोण मारतं असं तुला वाटतं? त्याच पेशी. जरा जास्त तापट आहेत, म्हणून आम्ही त्यांना गोळ्यांनी आवरतोय. पण त्या अगदीच गप्प बसल्या असत्या तर मला जास्त काळजी वाटली असती."

कळलं? तू भांडखोर निघालीस म्हणून मी जिवंत आहे. गरीब स्वभावाची बहीण मला परवडलीच नसती. नव्या गोळ्यांनी आता तुझ्या पेशी बऱ्याच शांत झाल्यात. म्हणजे तुला गप्प करणं जे आईला कधी जमलं नाही, ते एका गोळीने जमवलं!

तलावाचा दिवस जवळ येतोय. गेर्दा अजून बायकांच्या न्हाणीघरावर पहारा करते. भिंतीवरचं ते चित्र अजून तसंच आहे, माणसाचा आकार आणि धुवायच्या जागा लाल रंगात, डोकं, काखा, जांघा, पावलं. सगळे कपडे उतरवून, साबण लावून धुतल्याशिवाय कुणाला पोहण्याचा पोशाख चढवू देत नाही ती. गेल्या उन्हाळ्यात बिशपची बायको आली होती, तिलासुद्धा दारातून परत फिरवलं, "काखा राहिल्या!" म्हणून. अख्ख्या तलावाला ऐकू गेलं. बिशपलाही.

तुझी,
वाल्दीस, दिव्याच्या बटणाहून उंच


ह्वाल्सविक, ८ मार्च

प्रिय स्टेना,

इथे थंडी कमी होत नाही. बंदराशी बर्फ साचलंय. शेजारच्यांचा कुत्रा पुन्हा आमच्या वाळत घातलेल्या माशांच्या मागे लागलाय. आमच्या चर्चमध्ये नवी पाद्रीण आलीय, छान गाते, पण फार लांब बोलते.

तलावावर गेले होते.

डॉक्टरने परवानगी दिली त्याच दिवशी दुपारी गेले, मुद्दाम दुपारी, तेव्हा गर्दी नसते. कपडे काढायच्या खोलीपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी स्वेटर उतरवला आणि समोरच्या आरशात पाहिलं. घरात मी आरसा फक्त चेहऱ्यापुरता ठेवलाय. मी पटकन पोहण्याचा पोशाख चढवला आणि तसाच घालून न्हाणीघरात शिरले. एखाद्या परदेशी पाहुणीसारखी. मी! जिने लहानपणी अमेरिकन बायकांना पाहून नाक मुरडलं होतं, ती मी.

गेर्दा तिथेच होती, हातात फरशी पुसायचा रबरी दांडा. तिने वर पाहिलं. माझे हात पाहिले, पाय पाहिले. मी वाट पाहत होते. मनात उत्तर तयार होतं, एकदम खणखणीत.

आणि गेर्दा ओरडली नाही.

तिने मान वळवली. इतक्या हळू आवाजात म्हणाली, "जा, जा वाल्दीस, तू जा तशीच." आणि कोरडी ठणठणीत फरशी पुसायला लागली.

स्टेना, इस्पितळात मला केस नव्हते, नखं गेली, तोंडात फोड आले, पाणी गिळता येत नव्हतं. तिथेसुद्धा मला इतकं मेल्यासारखं झालं नव्हतं. बिशपच्या बायकोला जी सूट मिळत नाही ती मला मिळाली. मी तशीच मागे फिरले, पोशाखावरच स्वेटर चढवला आणि घरी आले. पाण्याला बोटसुद्धा लावलं नाही.

कोल्बेनने विचारलं, "पाणी कसं होतं?"

मी म्हटलं, "ओलं."

वाल्दीस


ह्वाल्सविक, २८ मार्च

स्टेना, अगं स्टेना!

एक ओळ. वर्षभरानंतर एक ओळ! "गेर्दा ओरडली नाही? शक्यच नाही. खरं सांग, तू कशी दिसतेस?" मी ती कोल्बेनला वाचून दाखवली. तो म्हणाला, "ही प्रस्तावना झाली, आता भांडण येईल," आणि इतका खूश झाला की सकाळी मलम लावताना त्याने सबंध गाणं म्हटलं. बेसूर.

विचारलंस तर सांगते. आजवर कुणालाच असं सरळ सांगितलेलं नाही.

दोन्ही हात कोपरापासून खाली ताठ आहेत. चिमटीत कातडी धरायला गेलं तर धरता येत नाही, खालच्या मांसाला चिकटून बसलीय. वाळत टाकलेल्या कॉड माशावर बोट फिरवून बघ, तसं लागतं. पोटावर आणि मांड्यांवर नकाशा आहे, काही ठिकाणी तपकिरी, काही ठिकाणी दुधासारखं पांढरं, आणि कडेला चकाकतं. घोट्यांवर जखमा होत्या, त्या आता भरल्यात, तिथे जांभळे डाग आहेत. ऊन चालत नाही. सूर्य निघाला की अख्खं गाव शर्ट काढून हिरवळीवर लोळतं, आणि मी मोठी टोपी, पूर्ण बाह्या, हातमोजे घालून मध्ये उभी. कुणीतरी म्हणालं, वाल्दीसने मधमाश्या पाळल्यात का?

अशी दिसते मी. आता तुला वाचून जेवण जाणार नाही, आणि तू म्हणशील, हे मी केलं. म्हणूनच मी इतके दिवस सांगत नव्हते. पण परवापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये, आणि ती मी बोलणार आहे.

गेर्दाने मान वळवली, तेव्हा मला तू आठवलीस. तूही तेच केलंस. माझा हात पाहिलास आणि मान वळवलीस, थेट डेन्मार्कला, आर्हुसपर्यंत. तुम्ही दोघी चांगल्या आहात, दोघींना माझं वाईट वाटलं, आणि दोघींनी मला एकटीला तसंच उभं केलंत. ओरड की माझ्यावर! तुझा कंगवा हरवला म्हणून तू माझ्या अंगावर दुधाचं भांडं फेकलं होतंस. त्या पोरीला माझी दया कधीपासून यायला लागली?

मला दया नको, स्टेना. मला बहीण हवी.

उन्हाळ्याच्या पहिल्या दिवसाचा सण अठरा एप्रिलनंतरच्या पहिल्या गुरुवारी आहे. बर्फ असेलच, त्याला आपला इलाज नाही. तलाव सुट्टीलाही उघडा असतो. ये. तुझ्या त्या चपट्या देशात तुला शोधून सापडणार नाही असं पाणी आहे इथे.

तळवे जुळले, बरं का. पूर्ण. आता मधून मांजर तर सोड, कागदसुद्धा जात नाही.

वाट पाहणारी,
वाल्दीस


ह्वाल्सविक, २ मे

प्रिय स्टेना,

तू घरी पोचलीस, आणि माझी खात्री आहे की तुझ्या नवऱ्याला सगळी गोष्ट तू तुझ्या पद्धतीने सांगून मोकळीही झालीस. म्हणून खरी हकीकत लिहून ठेवतेय. पुढेमागे वाद झाला तर हे पत्र काढायचं.

पहिली गोष्ट. विमानतळावर रडायला तू सुरुवात केलीस. मी नंतर. कोल्बेन साक्षीदार आहे, आणि तो तर आपल्या दोघींच्याही आधी रडत होता. बाहेर पडताना तुझ्या कानात काय पुटपुटला ते मी ऐकलंय. तू त्याला म्हणालीस, "विनोद चांगला होता रे. जरा वेळ लागला कळायला." त्या दिवसापासून त्याचं तोंड बंद झालेलं नाही. याचे परिणाम मी भोगतेय.

सणाच्या आदल्या रात्री त्याने बशीत पाणी घालून पायरीवर ठेवलं होतं, आठवतं? सकाळी त्यावर बर्फ धरलं होतं, म्हणजे हिवाळा आणि उन्हाळा एकमेकांत गोठले, म्हणजे साल चांगलं. तू म्हणालीस, "इथे जूनमध्ये ठेवली तरी गोठेल ती बशी." अशी तू.

आता न्हाणीघर.

मी पोशाख घालूनच आत गेले, हे कबूल. एवढं तावातावाने पत्र लिहिलं होतं, पण आयत्या वेळी माझ्याच्याने झालं नाही. आणि तूही घालून आलीस. का, ते मी विचारलं नाही. मला वाटतं, मी लाजले तर तूही लाजायचं, असं काहीतरी तुझं चाललं होतं. डोळे मात्र तुझे भिंतीवर, त्या लाल डागांच्या चित्रावर. सण म्हणून अर्धं गाव आत होतं, नागव्या बायका, नागव्या पोरी, साबणाचा फेस. आपण दोघीच झाकलेल्या.

गेर्दाने मला पाहिलं आणि पुन्हा मान वळवली. मग तुला पाहिलं. आणि तिचा जीव भांड्यात पडला असणार, कारण तुला काहीच झालेलं नव्हतं!

"स्टेना! डेन्मार्कला जाऊन अंघोळ विसरलीस का गं? काढ तो पोशाख! साबण तिकडे आहे!"

छप्पर उडालं असतं. सगळ्या बायका वळल्या. आणि तू काय केलंस? साठीला आलेली बाई, दोन नातवंडांची आजी, तू माझ्याकडे बोट दाखवून ओरडलीस,

"मग हिला का नाही बोलत? हिनेही घातलाय! वाल्दीसनेही घातलाय!"

चुगलखोर! तिसरीत माझ्या खिशातला ज्येष्ठमधाची गोळी दाखवून बाईंकडे चुगली केली होतीस, अगदी तोच आवाज. तोच पाय आपटणं. मला हसू यायला लागलं.

गेर्दा नुसती उभी. तिने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, तुला दिसलं नसेल, तू रागात होतीस. मग तिने तो रबरी दांडा फरशीवर आपटला, मोठा श्वास घेतला, आणि ओरडली. काय ओरडली गं! "वाल्दीस! तुला काय वेगळं निमंत्रण पाठवू? नियम सगळ्यांना! उतरव! आणि काखा धू!"

स्टेना, स्टॉकहोमला डॉक्टरांनी "तुझ्या बहिणीच्या पेशी रुजल्या" म्हणून सांगितलं, त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला होता, त्याच्या शेजारी मी हा ठेवते.

मी पोशाख उतरवला. तिथेच, सगळ्यांसमोर. कुणी बेशुद्ध पडलं नाही. एका लहान पोरीने विचारलं, "तुझ्या पोटावर काय आहे?" मी म्हटलं, "नकाशा." ती म्हणाली, "कशाचा?" तिची आई तिला ओढत होती, पण तूच मध्ये पडून सांगितलंस, "ही माझी बहीण आहे. मी तिच्या आत राहते आणि आम्ही भांडतो, त्याचा." पोरीला ते पूर्ण पटलं. ती साबण लावायला निघून गेली.

मग तू पाहिलंस. मान न वळवता. डोक्यापासून पावलांपर्यंत, सावकाश. साबण घेतलास आणि माझी पाठ धुवायला लागलीस, कारण तिथे माझे हात पोचत नाहीत हे तुला पत्रातून माहीत होतं. तुझा हात खांद्याखाली एका जागी थांबला. तू म्हणालीस, "वाल्दीस, इथे मऊ आहे."

मला माहीत नव्हतं. कोल्बेनला मलमातून ते जाणवलं नसेल, किंवा जाणवलं असेल आणि खोटी आशा नको म्हणून बोलला नसेल. मी मागे हात नेला आणि पोचला, अगं, पोचला! चिमटीत कातडी आली. थोडीशी. माझी की तुझी, देव जाणे.

पाण्याबद्दल तू काहीही सांग, मी काही वाद घालणार नाही. बर्फ पडत होतं, वाफ वर जात होती, माझी टोपी डोक्यावर, नाकावर उन्हाचं मलम, सूर्याचा पत्ता नसताना. हात पुढे, हात बाजूला, तळवे जोडून पुन्हा पुढे. भिंत चढायची कवायत पाण्यात आडवी केली, एवढंच. अर्ध्यात माझे खांदे पेटले. तू शेजारी होतीस आणि म्हणालीस, "थांबतेस का?" मी म्हटलं, "थांबायला काय, तू पुढे जाशील." त्या टोकाला माझा हात आधी लागला. आधी लागला, स्टेना! बोटं सरळ होत नाहीत, म्हणून मुठीने लागला, पण मूठ माझी होती आणि ती आधी होती. तू मुद्दाम हळू पोहलीस असं जर तू आर्हुसमध्ये कुणाला सांगितलंस, तर मी दुधाचं भांडं घेऊन येईन.

आणि त्या म्हाताऱ्यांचं काय म्हणायचं! आपण कोमट कुंडात जाऊन बसलो, पोरांच्या. उकळत्या कुंडातली सगळी टोळी एकेक करून उठली आणि कुरकुरत आपल्याकडे आली. "हे काय पाणी आहे? यात अंडं तरी उकडेल का?" कुणी हलला मात्र नाही. तुझ्यामाझ्या गुडघ्यांना गुडघे लावून सगळे बसले, आणि जे तिथे नव्हते त्यांच्याबद्दल आपण बोललो. किती छान वाटलं, नसलेल्यांबद्दल बोलायला!

तू गेल्यावर मी तिसऱ्यांदा जाऊन आले. डॉक्टरला फोटो पाठवले, ती म्हणाली, घोट्यांची कातडी टिकून आहे, असंच चालू दे. ती असंही म्हणाली, की सगळं पूर्ववत होईल असं समजू नकोस. मी म्हटलं, समजत नाही, मला पूर्ववत व्हायचंच नाहीये. आधी आत मी एकटी होते.

एक गोष्ट मात्र तुला सांगितलेली नाही. पाण्यातून परत येताना अंग नीट पुसूनच कपड्यांच्या खोलीत जायचं, हा गेर्दाचा दुसरा नियम. काल मी पुसत होते. पुसता पुसता थांबले. टॉवेल खांद्यावर टाकला आणि ओल्या पायांनी तशीच निघाले, ठसे उमटवत, हळूहळू, तिला दिसावेत म्हणून.

"वाल्दीस! पाय कोण पुसणार, तुझी बहीण?"

मी मागे वळले नाही. मला इतकं हसू येत होतं की भिंत धरावी लागली. ऑगस्टमध्ये ये, आणि येताना ओले पाय घेऊनच ये.

तुझी,
आतून-बाहेरून तुझीच,
वाल्दीस